थापट्याचा पांढरा, थापट्याचा हिरवा

थापट्या बदकाच्या नराची छाती पांढरीशुभ्र, डोकं गडद हिरवं आणि कुशी विटकरी. स्लाइड फिल्मवर काम करणाऱ्याची खरी परीक्षा हाच पक्षी घेतो. उजळ आणि गडद यांतला जेमतेम पाच स्टॉपचा पल्ला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) स्लाइडला पेलतो. भर उन्हात छाती सांभाळावी तर डोकं काळंठिक्कर पडतं. डोक्यातला हिरवा राखावा तर छातीच्या जागी कोरी फिल्म उरते. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना थोडंफार सावरून घेता येतं. स्लाइडला ती सोय नाही.

म्हणूनच कमी उजेडाला अडचण म्हणणं मला पटत नाही. भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर जानेवारीत (ऑक्टोबरात येतात तेव्हा नर अजून मादीसारखेच तपकिरी असतात) तांबडं फुटल्यावर, सूर्य वर यायच्या आत, उजेड सगळ्या आभाळातून सारखा झिरपत असतो. छाती आणि डोकं यांतलं अंतर आटतं, दोन्ही फिल्मच्या आवाक्यात मावतात. डोक्यावरचा हिरवा पिसांच्या सूक्ष्म रचनेतून उमटतो. मान किंचित वळली तरी तो काळा दिसतो, पुन्हा हिरवा, मधेच निळसर. कुशीचा विटकरी रंगद्रव्याचा. पक्षी कसाही वळो, तो तसाच राहतो. चांगल्या स्लाइडवर भिंग धरलं की हे दोन स्वभावाचे रंग शेजारी शेजारी दिसतात, आणि छातीवरचं पीस न् पीस वेगळं मोजता येतं.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. 1990 साली आलेली फुजीची वेल्व्हिया ही स्लाइड फिल्म 50 आयएसओची. लख्ख उन्हात एफ 5.6 ला सेकंदाचा 400वा भाग पुरतो. उजेड पाच स्टॉप उतरला की बारावा भाग लागतो. फिल्म पुश करता येते, म्हणजे डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. पण त्याने कॉन्ट्रास्ट वाढतो आणि पहाटेने दिलेलं आपणच घालवतो. त्यापेक्षा काठावर तिवई रोवून बसावं.

तिवई कॅमेरा स्थिर ठेवते, पक्ष्याचं काय? चरणारा थापट्या रुंद चोच पाण्यात घालून सारखी डावी-उजवीकडे फिरवत असतो. पिसं साफ करून, पंख झाडून झाले की मात्र मान वर करून क्षणभर थांबतो. सगळा रंग त्या थांबण्यात मिळतो, आणि बदक निर्धास्त असेल तरच ते थांबतं. एक नाव नको तितकी जवळ आली की सगळा थवा सावध होतो, मग उडतो.

आता डिजिटल कॅमेऱ्यात आयएसओ हवा तितका वाढवता येतो, उडती बदकंही स्वच्छ मिळतात, आणि त्यासाठी थवे मुद्दाम उठवले जातात. हे थांबायला हवं. उजनीकाठच्या कुंभारगावच्या नाववाल्यांना पाखरांचं अंतर आपल्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांना ‘अजून जवळ घ्या’ म्हणू नका.