हत्तींच्या पाण्याचे वीजबिल

झिंबाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानात ऑक्टोबर हा सर्वांत खडतर महिना. पाऊस नोव्हेंबरात यायचा, तोवर कलहारीची वाळू नुसती तापत राहते. संध्याकाळी हत्तींचे कळप पाणवठ्यावर उतरतात. डबके भरलेले असले तरी मोठे नर त्या गढूळ पाण्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. जमिनीतून वर आलेल्या पाइपच्या तोंडाशी ते सोंड लावतात, ताजे पाणी पितात, आणि बाकीचे मागे ताटकळत राहतात. फोटो काढणारे पाहुणे मात्र तो पाइप चौकटीत येणार नाही याची काळजी घेतात.

या उद्यानाची खरी गोष्ट तो पाइपच सांगतो. सुमारे 14,600 चौरस किलोमीटरच्या या रानात बारमाही नदी नाही. 1928 साली ते राखीव झाले आणि पहिले वनाधिकारी टेड डेव्हिसन यांनी ठिकठिकाणी बोअर घेतले. तेव्हापासून इथले कोरडे महिने उपशाच्या पाण्यावर निघतात. आधी पवनचक्क्या, मग डिझेलची इंजिने, आता सौरपंप. मोठा हत्ती दिवसाला 200 लिटरपर्यंत पाणी पितो. 2023 च्या अखेरीस पाऊस लांबला, तेव्हा शंभरावर सौरपंप चालू असूनही किमान 100 हत्ती दगावले. ज्याला आपण ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणतो, तो इथे पंपाच्या भरवशावर जगतो.

ह्वांगे हे नाव हत्तींचे, तसेच कोळशाचेही. उद्यानाच्या हद्दीपासून जवळच त्याच नावाचे गाव आहे, तिथे खाणी आहेत आणि औष्णिक वीजकेंद्र. 2023 मध्ये त्यात 600 मेगावॉटची भर पडली. कोळसा हवाच कशाला, असे आपल्या घरी बसून विचारणे सोपे आहे. पण पर्याय पाहा: विजेसाठी झांबेझी नदीवर 1959 मध्ये करिबा धरण उभे राहिले. बुडणाऱ्या खोऱ्यातून हजारो प्राणी वाचवण्याची मोहीम जगभर गाजली. तिथून उठवलेल्या सुमारे 57,000 टोंगा लोकांची तेवढी वाच्यता झाली नाही. त्याच धरणातले झिंबाब्वेच्या वाट्याचे पाणी नोव्हेंबर 2022 मध्ये संपले आणि वीजनिर्मिती थांबवण्याची सूचना द्यावी लागली. 2024 च्या दुष्काळात पलीकडच्या झांबियात दिवसाचे बरेच तास लोडशेडिंग होते. पाऊस हटला की धरण आटते, धरण आटले की कोळसा जळतो, आणि कोळशाच्या धुराने हवा आणखी तापते. हा प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा वेगाने तापतो आहे.

या चक्रात पर्यटक दोन्ही बाजूंना उभा आहे. त्याच्या पैशावर पंप चालतात, रखवालदारांचे पगार होतात. 2020 मध्ये कोविडमुळे विमाने थांबली तेव्हा हे लख्ख दिसले. पण तो येतो विमानानेच, म्हणजे हवा तापवतच. अंगोला, बोत्सवाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे यांनी मिळून आखलेले, ह्वांगेलाही सामावणारे ‘काझा’ हे संरक्षित क्षेत्र सुमारे 5 लाख 20 हजार चौरस किलोमीटरचे, महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठे. तिथे सफारी विजेवर चालवण्याचे प्रयोगही झाले आहेत. बोत्सवानातल्या चोबे नदीकाठच्या एका लॉजने 2014 पासूनच विजेच्या गाड्या आणि होड्या आणल्या. आवाज नाही, धूर नाही. चांगलेच आहे.

तरीही छपरावरची सौरपॅनेल मोजून पर्यटन ‘शाश्वत’ ठरवण्याची घाई मला पटत नाही. रानाच्या वेशीवरच्या अनेक घरांत अजून वीज पोचलेली नाही. हत्ती मका खाऊन जातो तो त्यांचाच. 2024 च्या दुष्काळात नामिबियाने लोकांना मांस पुरवण्यासाठी 83 हत्तींसह 723 प्राणी मारायचे ठरवले, तेव्हा जग हळहळले. त्या लोकांच्या रिकाम्या कोठारांबद्दल एवढी हळहळ कुठे ऐकू आली नव्हती. वेशीवरचा शेतकरी उपाशी आणि अंधारात असेल, तर हत्तींना पाणी पाजणारा पंप फार दिवस टिकणार नाही. सौरपंपाचा पहिला राखणदार तोच आहे.

आफ्रिकेची सफारी आता मराठी घरांतही ठरू लागली आहे. जरूर जा. पण सिंह दिसेल का, हे विचारण्याआधी लॉजवाल्याला तीन गोष्टी विचारा: तुमची वीज कुठून येते, पाणी कुठून येते, आणि त्यातले शेजारच्या गावाला काय मिळते? उत्तर मिळेपर्यंत आगाऊ रक्कम भरू नका.