आईला काय सांगायचं?



माझी सगळी नोकरी बँकेत कारकुनीत गेली. संध्याकाळी कॅश टॅली झाली नाही तर एका रुपयासाठीसुद्धा बसून राहावं लागे. खोटी नोंद म्हणजे पाप, हे अंगात भिनलेलं. त्यामुळे हा प्रश्न मला जरा जास्तच जड गेला.

आई आता 86 वर्षांची आहे. तिला स्मृतिभ्रंश, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात, तो होऊन चार वर्षं झाली. गुरुवारी करुणात्रिपदी लावली की अजून पूर्ण म्हणते, पण माझं नाव आठवत नाही. दिवस कलला की बेचैन होते, दारात जाऊन उभी राहते. "हे अजून आले नाहीत?"

नानांना जाऊन अकरा वर्षं झाली. सुरुवातीला मी खरं तेच सांगितलं. ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच रडणं. एका आठवड्यात मी तिला सात वेळा विधवा केलं.

धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, आईशी खोटं बोलायचं का मग?" माझी बायको तेव्हा काही बोलली नाही. संध्याकाळी आईचा हात धरून म्हणाली, "येतील हं. तोवर आपण चहा घेऊ या." आई मुकाट्याने आत येऊन बसली.

हे असत्य झालं का? बरेच दिवस डोक्यात होतं. खातेदाराला मी चुकीची शिल्लक सांगितली तर तो उद्या त्यावर चेक फाडेल आणि फसेल. आईचं तसं नाही, त्या उत्तरावर ती उद्या काहीच करणार नाही. पण हेही सांगितलं पाहिजे की याच गोड बोलण्याने कागदावर अंगठा घेणारी मुलं मी काउंटरवर पाहिली आहेत. आई तिथेही हसतच होती. फायदा कोणाचा, एवढं मी बघतो. माझा असेल तर ती फसवणूकच.

म्हणून पैशांचं सगळं वेळेवर करावं. विसरणं सुरू झालं की आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉईडने किंवा बी-12 कमी झाल्यानेही विसरायला होतं आणि त्यावर औषध आहे. नॉमिनेशन, जोडखातं, मृत्युपत्र हे त्या माणसाला नीट समजतंय तोवर, त्यालाच विचारून करावं. पुष्कळ जण कुलमुखत्यारपत्रावर विसंबतात. पण 1872 च्या करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही की ते संपतं. नेमकं गरजेच्या वेळी! आम्हालाही हे उशिराच सुचलं, ते असो.

आणि घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून उत्तर ठरवावं, कामाच्या बाईंसकट. आमच्याकडे नातू एकदा पटकन "आजोबा तर वारले" म्हणून गेला आणि ती रात्र सगळ्यांची गेली. हल्ली मी "येतील"ही म्हणत नाही. "नानांना काय आवडायचं गं?" असं विचारतो. मग भरल्या वांग्यांवर अर्धा तास निघतो. रोज जमतंच असं नाही.

परवा संध्याकाळी तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "साहेब, उशीर झाला. तुमची आई वाट बघत असेल, घरी जा." मी बरं म्हटलं. चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या मंदिरापर्यंत जाऊन आलो.

"आलास?" ती म्हणाली. "हातपाय धू, वाढते."