सवयीने झोप फिटत नाही

"गाडी आली की उठतात, सवय असते त्यांना." ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या एका मुकादमाचं हे बोलणं डोक्यातून जात नाही. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून कोयते, म्हणजे ऊसतोड करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात, दिवसभर फडात तोड चालते आणि रात्री गाडी येईल तेव्हा मोळ्या भराव्या लागतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण शरीराला खरंच कसलीही सवय लागते का?

मी उत्तर कीटकांत शोधलं. आपल्याकडचा तुती लावणारा शेतकरी रेशमाच्या अंड्यांवर निळसर झाक आली की ती काळ्या कागदात झाकून ठेवतो. ठरल्या सकाळी उजेड दाखवला की अळ्या एकदम बाहेर पडतात. ही वेळ राखतं कोण? १९७० मध्ये जेम्स ट्रूमन आणि लिन रिडिफर्ड यांनी रेशीम-पतंगांच्या दोन जाती घेतल्या. एक कोषातून सकाळी बाहेर पडणारी, दुसरी दिवस कलल्यावर. त्यांनी मेंदू काढून एकमेकांच्या पोटात बसवले. पतंग बाहेर पडले ते मेंदू ज्या जातीचा होता तिच्या वेळेला! मज्जातंतू जोडलेले नव्हते. मेंदू रसायन सोडूनच वेळ कळवत होता.

म्हणजे शरीराची वेळ आतून, मेंदूतून ठरते. मुकादमाला हेच उत्तर पुरे, असं मला वाटलं. पण उजेडाने लागणारं हे मेंदूतलं घड्याळ उजेडाने फिरवताही येतं. मग सवयीचा मुद्दा निम्मा तरी खरा ठरतो.

म्हणून वेळ आणि थकवा वेगळे धरले पाहिजेत. फळमाशीच्या मेंदूत घड्याळाच्या सुमारे दोनशे चाळीस पेशी आहेत. त्यांतल्या काही तिला उजेडात जागं ठेवतात. संध्याकाळी त्यांचा जोर ओसरतो. १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांना हे घड्याळच बंद पडलेल्या माश्या सापडल्या. अशा माश्याही झोपतात, फक्त वेळीअवेळी. त्यांना जागवून ठेवलं, तर पुढे जास्त झोपून त्या भरपाई करतात. म्हणजे झोप कधी घ्यायची हे घड्याळ सांगतं. थकव्याचा हिशेब निराळा असतो.

मध्यरात्री गाडी भरून कोपीवर परतलेली बाई पहाटे पुन्हा चुलीपुढे बसते. तिची वेळ सवयीने सरकेलही, पण राहिलेली झोप सवयीने फिटत नाही. कारखान्यांनी भरणी दिवसा ठेवावी. ते जमत नसेल, तर रात्री भरणी केलेल्या कोयत्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोड देऊ नये.