सेवा आणि श्रेय

भाविक वाचकहो, धर्माधर्माचा विचार पोथी उघडल्यावरच करावा लागतो असे नाही. चालत्या रस्त्यावर, भरल्या बाजारात, कोठेही तो आपल्याला अडवून उभा राहतो. परवा एकादशीच्या कीर्तनानंतर एका सायकलस्वार पोराने मला असेच अडवले.

पोरगा आमच्या जुळे सोलापुरातला. वडील माळकरी, हा सायकलीच्या शर्यती मारणारा. सन २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात देशोदेशीच्या स्वारांची मोठी शर्यत झाली. आरंभी एक लहान फेरी, पुढे चार दिवस चार टप्पे, मिळून ४०० किलोमीटरांच्या वर रस्ता. ती पाहून आल्यापासून ह्याच्या मनातले एक जुने शल्य पुन्हा दुखू लागले होते. आरती झाली, माणसे पांगली, तरी हा खांबाला टेकून बसलेला. म्हटले, "काय रे, फराळाला जायचं नाही का?" तर म्हणाला, "महाराज, एक विचारू?"

आणि सांगू लागला. "मागं एका शर्यतीत मी संघातून उतरलो होतो. सकाळीच सांगितलं होतं, आज कप्तानासाठी पळायचं. चार गडी पुढं निसटले. त्यांना धरायला तीस किलोमीटर मी पुढं राहिलो, वारा सगळा समोरून. कप्तान माझ्या चाकामागं. शेवटचे दोन किलोमीटर राहिले तेव्हा मी बाजूला झालो. पायांत काही उरलंच नव्हतं. कप्तान पहिला आला. हार त्याला, फोटो त्याचा. मी बेचाळिसावा. घरी आलो तर वडिलांनी विचारलं, कितवा आलास? तुम्ही कीर्तनात सांगता, सेवा करावी, नाव मागू नये. मग मला वाईट का वाटलं? माझं चुकलं का?"

ज्यांनी ही शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने सायकल हाणली की स्वाराचे बहुतेक बळ वारा फोडण्यातच खर्च होते. पुढच्याच्या चाकाला चाक लावून जो मागे राहतो त्याचे सुमारे तिसऱ्या हिश्शाचे कष्ट वाचतात. म्हणून सहा-सात जणांच्या संघात एकाला जपायचे आणि बाकीच्यांनी वारा अंगावर घ्यायचा, अशी रीत पडली. हेच लोक मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून देतात, निसटलेल्यांचा पाठलाग करतात, आणि कप्तानाचे चाक मोडले तर आपले काढून देतात. फ्रेंच भाषेत अशा स्वाराला जे नाव आहे त्याचा सरळ अर्थ घरगडी.

आता पूर्वपक्ष असा की, दुसऱ्याच्या आडोशाने बळ राखायचे आणि शेवटी त्याच्याच पुढे जाऊन हार घालून घ्यायचा, हे कपट नव्हे काय? ह्याचे उत्तर सोपे आहे. ज्याला फसवायचे त्याला ठाऊक नसते, तेथे कपट. येथे पुढच्यालाही ठाऊक आहे, मागच्यालाही ठाऊक आहे. तेव्हा हे कपट नव्हे.

मग हे काय आहे? मीमांसाशास्त्रात ह्याला जुळणारा विचार आहे. जे दुसऱ्याच्या प्रयोजनासाठी असते त्याला 'शेष' म्हणतात, आणि ज्याच्यासाठी असते तो 'शेषी'. सोमयागात सोळा ऋत्विज राबतात. मंत्र ते म्हणतात, आहुती ते घालतात, धूर त्यांच्या डोळ्यांत जातो. स्वर्गाचे फळ मात्र यजमानाचे. म्हणून ऋत्विजांवर अन्याय झाला असे शास्त्र म्हणत नाही, कारण यजमानाने दक्षिणा द्यायची आहे. दक्षिणेवाचून यज्ञ पुरा होत नाही. सायकलवाल्यांनी मीमांसा वाचली नसेल, पण फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत जिंकणारा स्वार बक्षिसाची रक्कम आपल्या सोबत्यांत वाटून टाकतो, अशी जुनी चाल आहे. ही दक्षिणाच झाली.

पण वाचकहो, दक्षिणेने सगळाच हिशेब फिटतो का? ह्याच फ्रान्सच्या शर्यतीतली १९३४ सालची गोष्ट ऐका. रेने व्हिएतो नावाचा वीस वर्षांचा पोरगा. डोंगर चढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्या संघाचा कप्तान आंतोनँ मान्य. पिरेनीजच्या डोंगरात उतारावर मान्यचे चाक मोडले. व्हिएतोने आपले पुढचे चाक काढून दिले आणि दुसरे चाक येईतो रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून राहिला. डोळ्यांतून पाणी वाहते आहे आणि एकामागून एक स्वार पुढून निघून जात आहेत, असे त्याचे छायाचित्र जगभर गेले. दुसऱ्या दिवशी तर तो पुढे होता. मागे मान्य पुन्हा अडकला असे कळले, तसा हा उलटा फिरला, उतरलेला डोंगर पुन्हा चढला आणि त्याला मदत देऊन आला. पॅरिसात मान्य जिंकला. व्हिएतो पाचवा. पुढे कितीतरी वर्षे तो पळाला, पण ती शर्यत त्याला कधीच जिंकता आली नाही.

आता शंका अशी. व्हिएतोने दिले खरे, पण रडत दिले. रडत केलेला त्याग हा त्याग म्हणावा काय? मी पाठशाळेतून नुकता बाहेर पडलो होतो तेव्हा कोणी विचारते तर सांगितले असते की नाही. आसक्ती उरली, सबब फलत्याग अपुरा. आज माझे मत तसे नाही. चाक हातातून सुटले तेव्हाच दान झाले. डोळ्यांतले पाणी एवढेच सांगते की, देणाऱ्याला दिलेल्या वस्तूची किंमत कळत होती. किंमत न कळता दिले तर ते टाकून देणे झाले. तेव्हा पोरा, तुला वाईट वाटले ह्यात तुझे काही चुकले नाही.

मग चुकते कोणाचे? येथे मला माझेच सांगितले पाहिजे. सोलापूरच्या एका गिरणीतला एक कामगार माझ्या मागे वीस-बावीस वर्षे टाळकरी म्हणून उभा राहिला. रात्रपाळी करून यायचा, तसाच उभा राहायचा. माझा आवाज बसला की तो धृपद उचलायचा, आणि मी पुन्हा सूर लावीपर्यंत कीर्तन पडू द्यायचा नाही. लोक म्हणायचे, महाराजांनी काय रंग भरला! हार मला, नारळ मला, बिदागी मला. एकदा तो भीतभीत म्हणाला, "महाराज, आज एक चाल मला एकट्याला म्हणू द्याल का?" मी त्याला निष्काम सेवेवर अर्धा तास ऐकवले. तो 'बरं' म्हणाला आणि पुढेही येत राहिला. तो गेला त्याला आता बरीच वर्षे झाली. त्याच्या हयातीत गादीवरून त्याचे नाव मी एकदाही घेतले नाही. उपदेश शास्त्रशुद्ध होता. तो करण्याचा अधिकार मात्र माझा नव्हता. ज्याच्या गळ्यात हार आहे त्याने दुसऱ्याला निरपेक्षता शिकवू नये.

सिद्धान्त म्हणून मला एवढेच दिसते की, नाव न मागणे हा सेवकाचा धर्म खरा, पण नाव विसरू न देणे हा सेवा घेणाऱ्याचा धर्म आहे. पहिल्याचा उपदेश आपण फार करतो, दुसऱ्याचा करीतच नाही. आश्रय घेऊन पुढे गेलेल्याच्या माथ्यावर ऋण असते, आणि न बोललेले ऋण वाढत जाते.

आपल्या वारीतले रिंगण पाहा. स्वाराचा अश्व पुढे धावतो, माउलींचा अश्व मागून येऊन त्याला गाठतो. लाखो डोळे माउलींच्या अश्वाकडे लागलेले असतात, टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. पण स्वाराचा घोडा हरला असे म्हणणारा वारकरी मी अजून पाहिलेला नाही. तो पुढे धावला म्हणून रिंगण झाले, हे सर्वांना ठाऊक असते.

दुसऱ्या दिवशी त्या पोराचे वडील भेटले. त्यांना म्हटले, "पोराला कितवा आलास असं विचारू नका. वाऱ्यात किती वेळ पुढं होतास, ते विचारा." आणि येत्या एकादशीला, अभंग लावण्याआधी, त्या टाळकऱ्याचे नाव मी गादीवरून घेणार आहे. उशीर झाला खरा, पण विठोबाच्या दारी ऋण कबूल करायला मुदत नसते.

पुंडलिकवरदा हरि विठ्ठल!