अविधवा नवमीचं पान

अवधूतानं चोवीस गुरू केले. त्यांत कपोत आहे, कुरर आहे, मधमाशी आहे, अगदी कोळीसुद्धा आहे. कावळा नाही. दासोपंतांच्या समाधीला अंबाजोगाईस गेलो की दरवेळी हे मनात येतं, आणि त्याला कारण आमच्या आबांची बंदूक आहे.

बंदूक निजामाच्या राजवटीतली, बारा बोराची, दुनळी. भादव्यात भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या की कावळे थव्यानं उतरत, माती उकरून शेंगा काढत. आबा उजाडायच्या आत बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसत. काडतूस महाग, म्हणून एकाच नळीत भरत. एक कावळा पडला की काम भागे. तो काठीला उलटा टांगायचा. बाकीचे वरून घिरट्या घालत घटकाभर कालवा करत आणि मग त्या रानाकडे फिरकत नसत. सतराव्या वर्षी एक मीही पाडला. हातात घेतला तेव्हा पंखाखाली ऊब होती.

आबा काही क्रूर माणूस नव्हते. गुरुवार करत, दत्तजयंतीला गुरुचरित्राचा सप्ताह चुकवत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आरं, रान राखणं बी धर्मच हाय. शेंगा गेल्या तर तुमच्या तोंडात काय घालू?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. नांगरामागं चालत हुमणी वेचून खाणारा कावळा आम्ही हिशेबात धरला नाही, एवढंच म्हणता येईल.

त्याच वर्षी पितृपक्षात अविधवा नवमीला आजीचं पान माळवदावर ठेवलं. खीर, वडे, आजीच्या आवडीची गवारीची भाजी. आबा स्वतः "काव काव" करत उभे राहिले. बारा वाजले, एक वाजला. समोरच्या लिंबावर कावळे बसलेले दिसत होते, पण उतरेना कुणी. आईनं पदर डोळ्याला लावला. आजीचं काही राहून गेलं म्हणून ती मनातल्या मनात नवस बोलू लागली. आबा हळूच म्हणाले, "ती रुसली न्हाई. कावळ्यानं मला वळखलंय." ते खाली गेले, तेव्हा कुठं पानाला चोच लागली.

कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी मुखवटे घालून तपासलं आहे. आबांना ते माळवदावर कळलं. सकाळी ज्याला छर्रा, दुपारी त्यालाच हात जोडायचे! पुढं 1972च्या वन्यजीव कायद्यानंही कावळ्याला उंदीर-वटवाघळाच्या पंगतीत, उपद्रवी म्हणून बसवलं होतं. 2022च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. पण माझा प्रश्न कायद्याचा नव्हता.

कुरराच्या चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बाकीचे पक्षी त्याच्या मागं लागले; तुकडा टाकला आणि तो सुटला. कथा खरी. पण अवधूताला शेत नव्हतं, पोरं नव्हती. गृहस्थानं तुकडा टाकायचा तरी किती? आबांनी पुढच्या वर्षी बांधालगतचे दोन तास न राखता सोडून दिले. टांगणं बंद केलं, बंदूक मात्र ठेवली. वर बार काढत. घरात कुणी याला प्रायश्चित्त म्हटलं नाही, तेही बोलले नाहीत.

त्यांच्यामागं मी ती बंदूक ठाण्यात जमा केली. दयेपोटी केली असं सांगेन तर खोटं होईल. आता रानात सोयाबीन असतं, कावळ्याचा फारसा त्रास नाही. माझी अहिंसा अशी फुकटची आहे.

यंदा आबांच्या तिथीला पान ठेवलं. कावळा लिंबावरून बघत राहिला. गुडघ्यांमुळं हल्ली काठी लागते; ती भिंतीआड ठेवली, तेव्हा उतरला.