दहा रुपयांची पावती

नाना बँकेत कॅशिअर होते. एका रुपयाचा फरक निघाला तर रात्री घास गिळवत नाही, अशी त्यांची ख्याती. त्यामुळे पुण्यातल्या त्यांच्या सायकल मंडळाने बाबा आमट्यांच्या, कुष्ठरोग्यांसाठी उभ्या राहिलेल्या आनंदवनासाठी निधी गोळा करत वरोऱ्यापर्यंत सायकलने जायचं ठरवलं, तेव्हा पैशांचं काम कुणाकडे सोपवायचं यावर चर्चा झालीच नाही. पावतीपुस्तक, पत्र्याचा कुलूपबंद डबा आणि लाल पुठ्ठ्याची हिशेबवही नानांच्या हाती आली.

नानांचा स्वतःचाही जीव अशा प्रवासात पूर्वीपासून अडकला होता. १९८५ साली बाबा आमटे ‘भारत जोडो’चा नारा देऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. पाठीच्या दुखण्यामुळे बाबा गाडीत आडवे पडून, आणि तरुण मुलं-मुली सायकलवर. नाना तेव्हा नुकते नोकरीला लागले होते. रजा मिळाली नाही. ती हुकलेली सायकल आता निवृत्तीनंतर सापडत होती.

निघायच्या आदल्या दिवशी नानांनी तिघा सोबत्यांना बसवून नियम सांगितले. बरोबर त्यांची पुतणी होती, एक आयटीत काम करणारा तरुण होता आणि एक कॉलेजातला मुलगा.

“आपला खर्च आपल्या खिशातून. डब्यातल्या पैशाला हात लावायचा नाही. आणि वाटेत कुणाचं काही फुकट घ्यायचं नाही. चहासुद्धा नाही.”

“चहासुद्धा नाही?” कॉलेजातल्या मुलाने विचारलं.

“चहासुद्धा नाही. दानाच्या नावावर पाहुणचार झोडत फिरले, असं उद्या कुणी म्हणायला नको.”

कारण चोख होतं, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

सोलापूर रस्त्याने जाताना नियमाची परीक्षा रोजच होऊ लागली. टेंभुर्णीच्या पुढे एका टपरीवाल्याने सायकलीवरचा निधीचा फलक वाचला आणि चहाचे पैसे घ्यायला नकार दिला. नानांनी त्याचं लक्ष नसताना बशीखाली नोट सरकवली. तुळजापूरचा घाट चढताना पुतणीची सायकल पंक्चर झाली. दुकानदाराने पाण्याच्या घमेल्यात ट्यूब फिरवून बुडबुडा शोधला, ठिगळ लावलं आणि म्हणाला, “जाऊ द्या काका, देवीच्या दारात आलाय.” नाना काही बोलले नाहीत. निघताना त्याच्या हातोडीखाली पन्नासची नोट ठेवून आले. थोडं पुढे गेल्यावर मागून हाक आली. दुकानदार नोट हातात धरून उभा होता. नानांनी हात हलवला आणि पेडल मारलं. मागे वळून पाहिलं ते पुतणीने. तो माणूस हसत नव्हता.

“नाना, त्याला वाईट वाटलं.”

“वाटू दे. हिशेब स्वच्छ राहिला.”

दुसऱ्या दिवशी तुळजापूरहून लातूरच्या दिशेने निघाले, तर रस्ता ओस. हॉटेलं बंद, टपऱ्या बंद. एका गावात तर कुत्र्याशिवाय कुणी दिसेना. समोरून वारा, पाण्याच्या बाटल्या तळाला आलेल्या आणि पिशवीत ग्लुकोजच्या बिस्किटांचे दोन पुडे. अखेर बैलगाडीतून सहकुटुंब शेताकडे निघालेल्या एका माणसाने उलगडा केला. आज वेळ अमावस्या. मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूर भागात दिवाळीएवढी मोठी. घराला कुलूप लावून अख्खं गाव रानात जेवायला जातं.

औशाच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका ज्वारीच्या रानात कडब्याची कोप उभी होती. भोवती पंधरा-वीस माणसं. त्यांतली एक म्हातारी बांधापर्यंत चालत आली आणि तिने थेट रस्त्यावर येऊन नानांच्या सायकलचं हॅंडल धरलं.

“कुठं चाललाव, पाव्हणं? या की जेवाय.”

“नको आजी, आमच्याकडे आहे खायला.”

आजीने पिशवीतले पुडे पाहिले. “ते लेकरांचं खाणं हाय. आज येळवस हाय. येळवशीला बांधावरनं कुणी उपाशी गेलं तर रान रुसतंय. चला.”

आयटीवाल्याने एव्हाना सायकल बांधाला टेकवलीसुद्धा होती. नानांनी मनातल्या मनात पाचशेचा आकडा ठरवला आणि हेल्मेट काढलं.

कोपीत चुना लावलेले पाच दगड मांडलेले होते. ते पांडव. त्यांच्यापुढे नैवेद्य आणि मातीच्या मडक्यात आंबील. आधी पूजा झाली होती, आता पंगत. ताटात पडली ती भज्जी, म्हणजे तूर, हरभरा, वाटाणा, वाल, शेंगदाणे, वांगं, गाजर असं रानात आणि बाजारात जे जे असेल ते बेसन आणि चिंच घालून शिजवलेलं. घट्ट, वाफाळती, चमच्याने उचलली तर तशीच उभी राहणारी. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, तीळ लावलेली भाकरी, गव्हाची खीर. आणि आंबील. ताकात ज्वारीचं पीठ शिजवून केलेली, लसणाच्या वासाची, मडक्यात गार झालेली. कॉलेजातला मुलगा तिसरा पेला पीत होता तेव्हा नानांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मुलाने डोळे मिटून पेला संपवला.

हात धुतल्यावर नानांनी पाचशेची नोट काढली आणि आजीच्या नातवाच्या मुठीत कोंबली. “खाऊला ठेव.”

आजीने नातवाच्या हातून नोट घेतली, नानांच्या सायकलच्या पिशवीवर ठेवली आणि विचारलं, “तुमी कशापायी हिंडताव?”

पुतणीने सांगितलं. आनंदवन, बाबा आमटे, कुष्ठरोगी माणसं, त्यांच्यासाठी निधी. आजीने सगळं ऐकून घेतलं. मग कनवटीची पिशवी सोडली, घडी घालून घालून मऊ झालेली दहाची नोट काढली आणि डब्याकडे हात नेला.

“राहू द्या आजी,” नाना मनापासून म्हणाले. “तुम्ही जेवायला घातलंत, तेच पुष्कळ झालं. हे असू द्या तुम्हाला.”

आजीचा हात थांबला.

“आमच्या जेवणाचे तुमी पैसे देताव. आन् आमचा पैसा मातर घेत न्हाईत. मंग आमी कोण, भिकारी?”

पंगत गप्प झाली. आजीच्या मुलाने “आये, ऱ्हाऊ दे” म्हटलं, पण ती थांबणारी नव्हती.

“मी किल्लारीकडची. भूकंपात घर गेलं, दोन माणसं गेली.” ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट. मराठवाड्यात कुणाला तारीख सांगावी लागत नाही. “मंग टरकाच्या टरका आल्या. कपडे, भांडी, भाकरी. लोकांचे उपकारच हायेत, नाय म्हनत न्हाय. पर म्हैनेच्या म्हैने नुसतं घ्यायचं. रांगेत उभारायचं आन् घ्यायचं. कुणी आमाला ‘जरा पानी द्या’ बी म्हनंना. वाटायचं, आता आपल्याजवळ देन्यासारकं काईच ऱ्हायलं न्हाय. मंग येळवस आली. पत्र्याच्या शेडात मी थोडी आंबील केली. दवा द्याय आलेलं एक पोरगं व्हतं, पुन्याकडचं. त्याला म्हनलं, घे बाळा. त्यानं घटाघटा पिली आन् म्हनला, मावशी, आनखी हाय का? त्या दिशी मला वाटलं, मी पुन्ना मानसात आले.”

नाना बराच वेळ डब्याच्या कुलपाकडे बघत राहिले. मग त्यांनी पाचशेची नोट आपल्या खिशात ठेवली. पावतीपुस्तक काढलं, कार्बन सरळ केला आणि दहा रुपयांची पावती फाडून आजीच्या हातात दिली. आजीला वाचता येत नव्हतं. तिने पावती नातवाकडून मोठ्याने वाचून घेतली, आकड्यापाशी दोनदा.

“आजी,” नाना म्हणाले, “थोडी आंबील बाटलीत देता का? पुढं वाटेत होईल.”

आजीने चारही बाटल्या भरल्या.

त्या दिवसापासून नियम बदलला. नवा नियम नानांनीच सांगितला: “मागायचं ते फक्त डब्यासाठी. स्वतःसाठी मागायचं नाही, पण कुणी प्रेमाने दिलं तर दोन्ही हातांनी घ्यायचं. आणि त्या जेवणाला जेवढा खर्च आला असता तेवढे पैसे आपापल्या खिशातून डब्यात टाकायचे.” कॉलेजातल्या मुलाने गणित लगेच पकडलं. म्हणजे आजीचं जेवणसुद्धा आनंदवनाला पोहोचणार होतं.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये नाना पंगतीत बसले. रोटी वाढणारा सेवेकरी पुढ्यात आला, तेव्हा ताट पुढे करून चालेना, दोन्ही तळवे जोडून धरावे लागले. जेवण झाल्यावर नानांनी तासभर ताटं विसळली. उमरखेडच्या पुढे कापूस वेचणाऱ्या बायकांनी त्यांच्या शिदोरीतली भाकरी आणि ठेचा मोडून दिला. यवतमाळात एका घरमालकाने ओसरीवर झोपायला जागा दिली आणि रात्री उठून सतरंजीवर आणखी एक घोंगडं टाकलं. नाना वहीत सगळं लिहीत होते. जमा बाजूला.

वणी मागे टाकून ते वरोऱ्याला पोहोचले. तिथे आनंदवनात एका म्हाताऱ्या रहिवाशाने त्यांना परिसर दाखवला. बाबा आणि त्यांच्या पत्नी साधनाताई आले तेव्हा इथे खडकाळ माळ होता. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि रोगाने झिजलेल्या हातांनीच तो माळ फोडून शेती उभी राहिली. “भाजी पिकली, दूध निघालं,” म्हातारा म्हणाला, “पण सुरुवातीला आमच्या हातचं घ्यायला कोण तयार होणार? रोग औषधाने बरा होतो हो. लोकांना आमच्या हातचं घ्यायला वेळ लागला.”

असं म्हणत त्याने चहाचा कप पुढे केला. त्याची बोटं आखडलेली होती, कप दोन्ही मनगटांत धरलेला. नानांनी तो घेतला, संपवला, आणि स्वतःच केलेला नियम एकदाच मोडला.

“अर्धा कप आणखी मिळेल?”

पुण्याला परतल्यावर मंडळाची सभा झाली. निधीचा धनादेश देऊन झाला होता, राहिला होता हिशेब. तपासनीस वही चाळत होते. औशापर्यंत जेवणखर्चाचे आकडे व्यवस्थित होते. पुढे रकाना रिकामा.

“नाना, हे कसं? औशाच्या पुढे तुम्ही जेवलाच नाहीत?”

“देणगीदारांची यादी बघा.”

तपासनिसांनी पान उलटलं. मोठ्या रकमांच्या खाली नानांच्या टापटीप अक्षरात नोंदी होत्या: औशाजवळच्या आजी, वेळ अमावस्येचं जेवण, चार माणसं, शिवाय रोख रुपये दहा, पावती दिली. कापूस वेचणाऱ्या बायका, भाकरी-ठेचा. यवतमाळचे घरमालक, ओसरी आणि घोंगडं. त्याही मागे, शाई वेगळी असलेल्या दोन नोंदी: टेंभुर्णीचा टपरीवाला, चार चहा. तुळजापूरचे दुकानदार, एक पंक्चर. दोघांपुढेही कंसात लिहिलं होतं, ‘घेतलं नाही, घ्यायला हवं होतं’.

“पण नाना, जेवण ही काही देणगी नव्हे,” तपासनीस म्हणाले. “तो पाहुणचार झाला.”

“साहेब, माझा चाळीस वर्षांचा हिशेब एवढाच होता की देणारा मोठा, घेणारा लहान. म्हणून मी कुणाचं घेत नव्हतो. पण त्याचा दुसरा अर्थ असा होतो की मी सोडून बाकी सगळ्यांना लहान करत होतो. ज्याच्या हातचं आपण घेत नाही, त्याला आपण आपल्या बरोबरीचा मानत नाही. मग त्याच्यापुढे डबा धरायचा आपल्याला अधिकार नाही.”

तपासनिसांनी थोडा विचार केला. मग त्या पानाखाली सही केली आणि पुढच्या वर्षीच्या प्रवासासाठी नानांची वही मंडळाच्या दप्तरात नियमावली म्हणून जोडून घेतली.