नऊ अक्षरांपाशी

जरा थांबा. समोर भेंडीचं एक पान आहे. हळद्या रोग आलेलं.

शिरा पिवळ्या, मधला भाग अजून हिरवा. एकच शीर धरा. देठापासून निघा. सावकाश टोकाकडे जा.

श्वास घ्या. सोडा.

आता शिरेच्या आत उतरा. पानाने केलेली साखर इथून वाहते. पांढरी माशी सोंड खुपसते ती याच रसासाठी. रस वर जातो, हळद्याचा विषाणू खाली उतरतो.

आणखी आत. पेशीच्या केंद्रकात. इथे विषाणूच्या डीएनएचं कडं आहे. जेमतेम 2,700 अक्षरांचं.

त्यात एका जागी नऊ अक्षरं आहेत. मनातल्या मनात म्हणा. टी ए ए टी ए टी टी ए सी.

पुन्हा म्हणा. सातव्या अक्षरानंतर क्षणभर थांबा. इथेच कड्याला छेद जातो. इथूनच नक्कल सुरू होते.

जपमाळेचा मेरुमणीच हा. फक्त जप करणारा मेरू ओलांडत नाही. ही नक्कल ओलांडते आणि फिरत राहते.

फिरू द्या. बघत राहा.

कधी एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू असतात. नक्कल एका कड्यावरून सुटते, दुसऱ्यावर जाऊन पुढे चालू लागते. नवं कडं होतं. थोडं याचं, थोडं त्याचं. कसाव्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो. 1990च्या दशकात युगांडातली कसाव्याची शेतं याच कुळातल्या विषाणूंच्या रोगाने बसली, तेव्हा त्या झाडांत अशीच सरमिसळ सापडली.

श्वास घ्या. घाई नाही.

आणि कधी नक्कल मधला मोठा तुकडा गाळते. उरतं साधारण अर्ध्या लांबीचं कडं.

या अर्धवटापाशी जास्त वेळ बसा. मला तरी या कुळात सगळ्यात विलक्षण तेच वाटतं.

एकट्याने त्याला काहीच जमत नाही. पण ती नऊ अक्षरं त्याच्याकडे आहेत. तेवढ्या भांडवलावर ते दुसऱ्याच्या आयत्या यंत्रातून स्वतःच्या नकला काढून घेतं. मग पूर्ण कडी कमी पडतात. कधीकधी रोगाचा जोरही ओसरतो.

झाडाला हे कळत नाही. कड्यालाही नाही.

ऐका. काहीच आवाज नाही.

आता डोळे उघडा. शेतात गेलात, तर पानं उलटून बघा. पांढरी माशी खालच्या बाजूला बसते. हळद्या आलेलं झाड लवकर उपटून टाका. त्या विषाणूवर औषध नाही.